आकडा टाळणारी खोली

"हे टेबल मेलं माझ्यापेक्षा जास्त कण्हतंय," ती पुटपुटली.

इतकं हळू, की शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरलाही ऐकू गेलं नाही. पण माझ्यावर पाठ टेकून कुणी पुटपुटलं की ते थेट माझ्या लोखंडात उतरतं. मित्रांनो, ते मेलं टेबल म्हणजे मी. मी एक जुनं तपासणीचं टेबल आहे, बायकांच्या दवाखान्यातलं. सध्या मागच्या पॅसेजमध्ये भिंतीला लागून उभा आहे. माझ्यावर औषधांची रिकामी खोकी आहेत, एक मोडका पंखा आहे, आणि कुणाची तरी छत्री आहे. येणारा-जाणारा माझ्यावर काहीतरी ठेवतो आणि न्यायला विसरतो. मला त्याचं एवढं वाईट वाटत नाही. माझ्यावर माणसं ठेवली जायची ते दिवस मला आठवतात, तेवढं पुरे आहे.

माझा जन्म एका लोखंडी सामानाच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, तेलाचा वास आणि दिवसभर उडणाऱ्या ठिणग्या. मला घडवणारा वेल्डर जाड भिंगांचा चष्मा लावायचा. त्यानं पाइप कापले, सांधे जुळवले, डोक्याकडची बाजू वर-खाली करता यावी म्हणून खाचांची पट्टी बसवली, वरून स्पंज घातला आणि हिरवं रेक्झिन ताणून ठोकलं. चौथा पाय तेवढा केसभर आखूड पडला. ते त्याच्या लक्षात आलं, पण त्यानं लक्ष दिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यावर आडवा झाला आणि चक्क घोरायला लागला.

मालक आला तो ओरडतच. "अरे, तुला टेबल करायला सांगितलं होतं, पलंग नव्हे!"

"तुमच्या आवाजातसुद्धा झोप लागली, शेठ," वेल्डर डोळे न उघडता म्हणाला, "म्हणजे माल चांगलाय."

ती माझी पहिली शाबासकी.

दवाखान्यात आलो तेव्हा डॉक्टरबाई नव्या होत्या, केस काळे होते, आणि पेशंटपेक्षा त्यांनाच जास्त धाकधूक असायची. मला आतल्या खोलीत ठेवलं. दुधी काचेची खिडकी, दांडीवर सरकणारा पडदा, कितीही पिळला तरी टपकणारा नळ. माझा आखूड पाय डुगडुगायला लागला तेव्हा सिस्टरनं गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून खाली सरकवला. "तात्पुरता हं," ती मला म्हणाली. तो तात्पुरता पुठ्ठा माझ्याबरोबरच म्हातारा झाला. सांध्यांतून कुरकुर यायला लागली तेव्हा कधीमधी थेंबभर तेल मिळायचं, तेही सिस्टरच्या डोक्याचं.

माझं काम साधं होतं. बाईनं पायरीवर पाय ठेवायचा, वळायचं, बसायचं, निजायचं, आणि मी धरून ठेवायचं. मला माणसं पाठीकडून कळतात, मित्रांनो. चेहऱ्याला खोटं हसता येतं. पाठीला ते जमत नाही. घाबरलेल्या बाईची पाठ मधोमध उचललेली असते, तिच्याखालून हात घालता येईल इतकी. काळजी मिटली की तीच पाठ ओल्या पिठासारखी सगळीच्या सगळी टेकते. आणि हात! जवळजवळ प्रत्येक बाई माझा उजवा काठ पकडायची. तिथलं रेक्झिन बोटांनीच भेगाळलं. आलेल्यांना वाटायचं, उंदरांनी कुरतडलंय.

पुढे माझ्या शेजारी सोनोग्राफीचं मशीन आलं. त्याच्या पडद्यावर पोटातलं दिसायचं, त्यामुळे खोलीत शिरणारा प्रत्येक जण त्याच्याकडेच बघायचा. मला सुरुवातीला जरा झोंबलं, खोटं कशाला सांगू. पण मग आम्ही काम वाटून घेतलं. दिसायचं ते त्याला दिसायचं, जाणवायचं ते मला जाणवायचं. बाईच्या पोटावर थंडगार जेली लावून डॉक्टरबाई त्यावरून एक छोटा दांडा फिरवायच्या, त्याला त्या प्रोब म्हणत. तो कुठे सरकतोय, कुठे थांबतोय, कुठे दाबला जातोय, हे मला खालून कळायचं. निजलेल्या बाईलाही कळायचं. पडदा तिच्याकडे वळवलेला नसला तरीही.

तपासणी झाली की बाईला उठवायची सिस्टरची एक पद्धत होती. ती बाईच्या मानेखाली हात घालायची आणि मोठ्यानं म्हणायची, "एक... दोन... अन् तीन!" तीनला बाई उठून बसायची. पोटुशा बायका तर 'दोन'लाच हसायला लागायच्या. किती तरी हसू माझ्यावर सांडलंय त्या मोजणीनं.

आता जुळ्यांचं सांगतो. डॉक्टरबाई "दोन आहेत" म्हणाल्या की घरच्यांचा आनंद गगनात मावायचा नाही. पण त्याच वेळी डॉक्टरबाईंचा माझ्या काठावर टेकलेला हात जरा घट्ट व्हायचा. पोटात दोघं असली की सुरुवातीचे महिने जास्त नाजूक असतात, हे त्यांना ठाऊक होतं. दोघं सुखरूप आलेली मी पाहिलीत. एका आईनं तर वर्षभरानं तिची दोन्ही माझ्यावर आणून बसवली आणि त्यांनी लाथा मारमारून माझा उरलासुरला रंग काढला. पण दोघांपैकी एक मागे राहून गेलेलंही मी पाहिलंय. दोन्ही गेलेलीसुद्धा. अशा दिवशी बाई उठून गेल्यावरही तिच्या पाठीची ऊब माझ्यात खूप वेळ राहायची, आणि मला ती कुणाला परत देता यायची नाही.

मला 'मेलं' म्हणणारी ती बाई लाँड्रीत काम करायची. मोठ्या वाफेच्या इस्त्रीवर दिवसभर उभं राहायचं काम. तिचे तळहात टणक होते आणि कपड्यांना नेहमी स्वच्छ, तापलेल्या सुताचा वास असायचा. सिस्टर तिला 'लाँड्रीवाल्या ताई' म्हणायची. तिच्याबरोबर यायची तिची सासू. ती सिनेमाच्या थिएटरात दारावर उभी राहून तिकिटं फाडायची. आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्यालाही आपलाच कान धरल्यासारखं वाटावं. नवरा पाण्याच्या बाटल्यांची गाडी चालवायचा आणि बहुतेक वेळा बाहेर गाडीपाशी थांबायचा. तो फार बोलायचा नाही. सासूपुढे कुणालाच फार बोलता यायचं नाही म्हणा.

पहिल्या वेळी डॉक्टरबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा, ताई. हे एक. आणि हे..."

"हे काय?" सासू पुढे वाकली.

"हे दुसरं."

मग सासू अशी हसली की माझे चारही पाय हलले. "एका तिकिटावर दोघं शिरले की गं! मी दारावर असते ना, तर धरलं असतं दोघांना!"

"आई, हळू," सून म्हणाली, पण तिची पाठ तोवर पूर्ण टेकली होती.

"गावभर करू नका हं इतक्यात," डॉक्टरबाईंनी बजावलं. "अजून फार लवकर आहे. जुळ्यांचे सुरुवातीचे दिवस जपायचे असतात. दुखलं, अंगावरून गेलं, काहीही वाटलं, तर लगेच यायचं. लपवायचं नाही."

"मी कशाला कुणाला सांगतेय?" सासू म्हणाली. पुढच्या वेळी आल्यावर तीच सांगत होती, की पहिल्या खेळाच्या मध्यंतरापर्यंत अख्ख्या थिएटरला कळलं होतं. वरच्या खोलीत सिनेमा लावणाऱ्या माणसानं म्हणे खिडकीतून डोकं काढून अभिनंदन केलं. "आता प्रत्येक जण तिकीट देताना विचारतो, मावशी, दोघं कशी आहेत? मी म्हणते, खुर्चीवरून भांडतायत."

ती दुसरी तपासणी. मित्रांनो, तो दिवस मी विसरत नाही.

प्रोब आधी डावीकडे गेला. तिथे थांबला. जरा दाबला गेला, किंचित तिरका झाला, पुन्हा सरळ झाला, आणि मग कितीतरी वेळ हललाच नाही. डॉक्टरबाईंचा श्वास मंद झाला. नळ टपकत राहिला. मग प्रोब उजवीकडे आला, तिथे थोडा रेंगाळला आणि उचलला गेला. डावीकडे तो परत गेला नाही.

माझ्यावरची पाठ मधोमध हळूच उचलली गेली.

"पडदा दाखवता ना?" ती म्हणाली.

"उजेड पडतोय त्याच्यावर," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मशीनचं तोंड भिंतीकडे वळवलं. बाहेर आभाळ इतकं भरलं होतं की खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागला होता. "तुम्ही बाथरूमला जाऊन या, ताई. सिस्टर, जरा बरोबर जा. आणि ह्यांच्या मिस्टरांना आत पाठवा."

ती गेली. नवरा आत आला आणि दाराशीच उभा राहिला. डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले आणि माझ्याकडे बघत, म्हणजे कुणाकडेच न बघता, सांगितलं, "एका बाळाचे ठोके थांबलेत. डावीकडच्या. दुसऱ्याचे चांगले आहेत. दोघांच्या पिशव्या वेगळ्या आहेत, त्यामुळे त्याला सहसा धोका नसतो. जुळ्यांमध्ये सुरुवातीला असं होतं कधी कधी. गेलेलं हळूहळू आतल्या आत विरून जातं. ह्यात कुणाची चूक नाही. उभं राहिल्यानं होत नाही, इस्त्रीनं होत नाही, जिने चढल्यानं होत नाही. मी तिला आल्यावर हेच सांगणार आहे."

"नका!" सासूचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "डॉक्टर, पाया पडते तुमच्या. तिला धक्का बसला तर दुसरंही जाईल."

"तसं होत नसतं, मावशी."

"तुम्हाला नाही माहीत ती. वरून कडक आहे, आतून कापूस आहे."

"अहो, सांगायलाच हवं. तिचं आहे ते."

"थोडे दिवस," नवरा म्हणाला. "थोडे दिवस जाऊ देत. दुसरं जरा... जरा बळकट होऊ दे."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. नाही म्हणण्यासारखी सुरू झालेली ती मान मधेच कुठेतरी हो म्हणण्यासारखी झाली. दिवसभराच्या थकव्यानं म्हणा, त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून म्हणा. "पुढच्या वेळी मी सांगणार," त्या म्हणाल्या. "तेव्हा मला अडवायचं नाही."

इतक्यात ती परत आली, आणि सगळ्यांचे चेहरे दिवा लावल्यासारखे उजळले.

"सगळं छान आहे गं," सासू म्हणाली. "चल, घरी जाऊ."

त्या दिवसापासून त्या खोलीत आकडा बोलायचा बंद झाला. डॉक्टरबाई "वाढ चांगली आहे" म्हणायच्या, कुणाची ते म्हणायच्या नाहीत. नवरा "सगळं ठीक ना?" विचारायचा. सासू "आमचं पाखरू", "आमचं लबाड" असं काहीबाही म्हणायची, आणि मग सुनेनं आपल्याकडे बघितलं की घाईघाईनं, "पाळणा जरा रुंदच घ्यावा लागेल हं!" म्हणून हसायची. ते हसणं माझ्या पायांपर्यंत पोचायचं नाही. सिस्टर बिचारी सगळ्यांत जास्त अडचणीत; डॉक्टरबाईंनी तिलाही सांगून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी सवयीनं "एक..." म्हणाली आणि गपकन थांबली. तेव्हापासून लाँड्रीवाल्या ताईंना उठवताना ती फक्त "चला, उठा बरं" म्हणायची.

पुढची वेळ आली. डॉक्टरबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूनं सुनेच्या कपाळावरचा घाम आपल्या पदरानं टिपला, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "आपण पुढच्या वेळी निवांत बोलू." त्याच्या पुढच्या वेळी बाहेर गर्दी होती. न बोललेली गोष्ट अशीच असते, मित्रांनो. पहिल्या दिवशी ती उचलता येते. मग रोज तिचं वजन वाढतं, आणि शेवटी उचलायला हात लावायचीच भीती वाटते.

एकदा जेलीची बाटली संपली म्हणून सिस्टर बाहेर गेली. सासू डॉक्टरबाईंशी पलीकडच्या खोलीत काहीतरी बोलत होती. लाँड्रीवाली माझ्यावर एकटीच होती. तिनं डावा हात पोटाच्या डाव्या बाजूला ठेवला.

"गेलंस ना तू?" ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मला तेव्हाच कळलं. तिथे हात थांबला आणि पुन्हा आलाच नाही. कपडा फाटला की मी पण तिथे परत हात नाही लावत." तिनं हात तसाच ठेवला. "वाफेमुळे झालं का रे बाळा? की त्या दिवशी मोठी गाठोडी उचलली म्हणून? कुणाला विचारू? आईंना कळलं तर त्या कोसळतील. जगाला सांगून बसल्यात. हे तर आत येऊन डोळ्यात डोळा घालत नाहीत, खुशीनं लाजत असतील. राहू देत त्यांना खूश. थोडे दिवस."

थोडे दिवस! तेच शब्द. दाराशी उभ्या राहिलेल्या नवऱ्यानं वापरलेले, जसेच्या तसे.

मित्रांनो, तुम्हाला कळलं ना काय झालं ते? तिला जपायचं म्हणून ते सगळे गप्प होते, आणि त्यांना जपायचं म्हणून ती गप्प होती. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि दोन्हीकडच्यांना वाटत होतं की फक्त आपल्यालाच माहीत आहे. 'इस्त्रीनं होत नाही' हे वाक्य डॉक्टरबाईंनी ज्या दोघांना सांगितलं, त्यांना त्याची गरज नव्हती. जिला होती, ती बाथरूममध्ये हात धूत होती. हे सगळं एकट्या मला माहीत होतं. आणि मी काय करणार? मी कुरकुरलो. सिस्टर आत येत म्हणाली, "ह्याला आता भंगारातच काढायला पाहिजे."

मग ती चादरीची गोष्ट सुरू झाली.

माझ्यावर नेहमी एक पांढरी चादर असायची. एके दिवशी तपासणी झाल्यावर लाँड्रीवाली उठली आणि मला माझ्या रेक्झिनवर ओलसर काहीतरी जाणवलं. रुपयाएवढंही नसेल. पण ऊन होतं. तिनं ते पाहिलं. सिस्टर चादर ओढायला पुढे आली, तर ही म्हणाली, "राहू द्या सिस्टर, मी करते घडी. तुमच्या घड्या बघवत नाहीत मला."

"झालं! आता माझ्या घड्यांना पण नावं ठेवा."

"नावं नाही ठेवत. धुऊनच आणते. तुमची धुलाई म्हणजे नुसतं पाण्याला चादर दाखवणं."

सिस्टर हसली. लाँड्रीवालीनं चादरीचे कोपरे जुळवले, डाग आत गेला, वरून हात फिरवला, आणि अशी सुरेख चौकोनी घडी झाली की कुणाला तिच्यात काही असेल अशी शंकाही येऊ नये. पुढच्या वेळी तीच चादर शुभ्र, कडक इस्त्रीची परत आली. सिस्टरनं ती सगळ्या दवाखान्याला दाखवली. असं पुढे प्रत्येक वेळी झालं. डाग मोठा होत गेला आणि घडी जास्त जास्त नीटनेटकी.

"दुखतंय का कुठे? अंगावरून काही?" डॉक्टरबाई विचारायच्या.

"नाही, काही नाही."

तिचं चाललं होतं ते असं. रक्त जातंय असं सांगितलं तर डॉक्टरबाई नीट तपासतील, पडद्याकडे बघून काहीतरी मोठ्यानं बोलतील, सासू तिथेच असेल, आणि एका बाळाचं सगळ्यांना कळेल. गेलेल्याचं लपवायचं म्हणून ती राहिलेल्याचं दुखणं लपवत होती.

इथे थांबून मला तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे. मी मागणार नाही की मला रंग लावा, किंवा माझ्यावरची खोकी उचला. खोकी राहू द्यात, हलकी आहेत. पण तुमच्या घरात एखादी खुर्ची, एखादी खाट कुरकुरली, तर तिच्या पायाखाली पुठ्ठा सरकवून मोकळे होऊ नका. जरा वाकून बघा कुठला सांधा ढिला झालाय. आणि घरातलं कुणी एकाएकी फार नीटनेटकं वागायला लागलं, नेहमीपेक्षा जास्त हसायला लागलं, विचारल्यावर लगेच "काही नाही" म्हणायला लागलं, तर तिथेही वाका. तुम्ही लहान आहात, तुम्हाला सहज विचारता येतं. मोठ्या माणसांना ते फार जड जातं. मोठी माणसं एकमेकांना इतकं जपतात की जवळच जात नाहीत.

आता तिच्या शेवटच्या येण्याचं सांगतो. माझंही ते शेवटचंच काम ठरलं, कारण त्याच सुमारास बटणावर वर-खाली होणारं नवं टेबल आलं आणि मला मागे हलवलं. त्यामुळे त्यानंतर तिचं काय झालं, हे मला माहीत नाही. नव्या टेबलाला माहीत असेल. पण ते अजून बोलायला शिकलेलं नाही.

सकाळची वेळ होती. दवाखाना नुकताच झाडून झाला होता, फरशी ओली होती. तिला नवऱ्यानं जवळजवळ उचलूनच आणलं. सासू मागून आली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. लाँड्रीवाली माझ्यावर निजली तेव्हा तिची पाठ पूर्ण उचललेली होती आणि उजवा हात काठाला असा रुतला होता, की भेगाळलेल्या रेक्झिनचा तुकडा तिच्या मुठीत आला.

"कधीपासून?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आज. आत्ताच."

प्रोब आला. सरळ उजवीकडे. डॉक्टरबाईंनी मशीनचा आवाज मोठा केला आणि खोलीभर ठोके घुमायला लागले. भरभर, बारीक, घाईत कुठेतरी निघाल्यासारखे. नवऱ्यानं भिंतीला पाठ टेकली.

"ठोके आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. पण हात उचलला नाही. "बाजूला रक्त साचलंय. बरंच आहे. आणि हे आजचं वाटत नाही मला. ताई, आधी कधी गेलं होतं का अंगावरून? किती? कसं? मला कळायलाच हवं, त्यावर पुढचं सगळं ठरतं."

"नाही. आजच."

सिस्टर चादर सारखी करत होती. तिचा हात थांबला. "डॉक्टर," ती चाचरत म्हणाली, "ह्या दरवेळी चादर स्वतःच घडी करतात. धुवायला पण घरी नेतात. मी आपली लाँड्रीची सवय समजत होते."

नळ टपकत होता आणि ठोके चालूच होते.

"का गं?" सासू म्हणाली. "का लपवलंस?"

"काही नाही, आई."

"अगं, काही नाही काय? का?"

"मी बोलले असते तर डॉक्टरांनी नीट तपासलं असतं." तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. "मग तुम्हाला सगळ्यांना कळलं असतं..."

"काय कळलं असतं?"

लाँड्रीवालीनं डोळे मिटले. नवरा फरशीकडे बघत होता. सिस्टरनं चादरीचा कोपरा चोळामोळा केला. डॉक्टरबाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पाच माणसं होती त्या खोलीत, पाचही जणांच्या जिभेवर एकच गोष्ट होती, आणि ती पडू नये म्हणून पाचही जण ओठ घट्ट धरून होते. लाँड्रीवालीच्या बंद डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि कानामागून माझ्या रेक्झिनवर आलं.

सासू माझ्याजवळ आली. ती कधी माझ्यावर बसली नव्हती. नेहमी म्हणायची, मोडलं तर भरून कोण देणार. आता ती सुनेच्या पायांशी माझ्यावर टेकली. मी कुरकुरलो, पण धरून ठेवलं. दोघींचं वजन मला एकदम जाणवलं. तिनं सुनेच्या मुठीतला रेक्झिनचा तुकडा काढून टाकला आणि त्या जागी स्वतःचा हात दिला. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तिचा आवाज इतका लहान झाला होता, की ठोक्यांच्या वर जेमतेम ऐकू येत होता.

"एक गेलं गं पोरी," ती म्हणाली. "तेव्हाच गेलं. आम्हाला माहीत होतं, आणि तुलाही माहीत होतं. आता जे राहिलंय ना, त्याच्यासाठी तरी बोल."